रकाना चौदा : निरंक

७ ऑगस्ट, जेवणाची सुट्टी

दादा,

वर काय लिहायचं यातच अर्धी सुट्टी गेली. 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील आणि 'तीर्थरूप' लिहिलं तर मी. म्हणून नुसतं दादा. अकरा वर्षांत हा शब्द माझ्या तोंडातून निघालेला नाही. आईच्या आजारपणातसुद्धा मी नर्सला 'त्यांना आत पाठवा' म्हणायचे, ते तुझ्याबद्दल.

काम पडलं म्हणून लिहितेय. नसतं पडलं तर लिहिलं नसतं, तेव्हा उगाच भारावून जाऊ नकोस. तू शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतोस, फोन करता आला असता. पण फोनवर तू गप्प बसशील आणि मी ओरडेन, हे दोघांनाही माहीत आहे.

धाकटीला पथकात जायचंय. धाकटी म्हणजे माझी दुसरी मुलगी. तू तिला एकदाच पाहिलंयस, आई गेली त्या दिवशी, तेव्हा ती माझ्या कडेवर होती. आता नऊ वर्षांची आहे. पथक म्हणजे तुझंच, शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमधलं स्काऊट पथक. शेडला निळा रंग दिलाय, पण दार अजून खालून लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. मी सरळ नाही म्हटलं. त्यावर बाईसाहेबांनी माझ्या गाउनचा पट्टा, तिच्या बाबांच्या बुटांच्या नाड्या आणि फ्रिजची मूठ मिळून अशी काही गाठ मारली की दूध काढायला कात्री आणावी लागली. तिचे बाबा म्हणाले, "गाठ मात्र छान जमलीये." त्यांचा मला घरात किती आधार आहे ते यावरून समज.

शेवटी परवा पालकांच्या सभेला गेले. दोन तास. बसायला मुलांचे बाक, गुडघे हनुवटीला. पथकप्रमुख कोण आहे सांगू? तुझी सुतळी. तीच ती काडीसारखी पोरगी, जिला तू हे नाव ठेवलंस. आता शिट्टी तिच्या गळ्यात असते आणि ती बोलायला लागली की आम्ही चाळीस पालक गप्प बसतो. मुलांच्या हातात सुरी कधी देतात, शेकोटी कोण पेटवतं, मोबाइल का चालणार नाही, सगळं सांगितलं. मग म्हणाली, प्रत्येक सहलीला प्रशिक्षण घेतलेली दोन मोठी माणसं लागतात, नियमच आहे, आणि तिच्या जोडीचे सर सप्टेंबरअखेरीस बदली होऊन चाललेत. दुसरं माणूस मिळालं नाही तर ऑक्टोबरपासून पथक बंद.

सभा संपल्यावर तिने मला दारात गाठलं. "ताई, आपले सर परत आले तर?" आपले सर म्हणजे तू. मी म्हटलं, त्यांच्या नावावर समितीचा शेरा आहे ना, निष्काळजीपणाचा? ती म्हणाली, "शेरा काढता येतो. नवीन माहिती पुढे आली तर." आणि माझ्याकडे बघत राहिली. माझ्याकडे कशाला बघायचं? मी काय माहितीचं दुकान उघडलंय?

तर काम एवढंच. पोरीला पथकात घालण्याआधी आईबापाने काय काय विचारून घ्यावं, ते मुद्दे घालून लिही. वीस वर्षं तू ते पथक चालवलंस, तुला ठाऊक असणार. जुन्या गोष्टीबद्दल एक अक्षर नको. चौकशीत माझ्या मोठ्या मुलीने, मोठीने, सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तिला शिट्टी ऐकू आली नाही. नऊ वर्षांचं पोर अशा बाबतीत खोटं बोलत नाही. विषय संपला.

तुझी बहीण
(नाइलाजाने)


२० ऑगस्ट, ऑफिस

दादा,

तुझा कागद मिळाला. वर नाव नाही, खाली सही नाही. आमच्या खिडकीवर असा कागद आला असता तर मी तो परत केला असता.

पहिला मुद्दा: "एक मोठा माणूस आणि एक मूल असे दोघेच कधीही नकोत. तंबूत नको, गाडीत नको, फोनवर नको. पथकप्रमुख कितीही भला असला तरी." हा पटला. दुसरा: "प्रथमोपचार कोणाला येतात ते नाव घेऊन विचारावे. 'सगळ्यांना येतात' म्हणजे कोणालाच येत नाहीत." हाही पटला. मी सुतळीला विचारलं, तिने झटकन स्वतःचं प्रमाणपत्र काढून दाखवलं, तर त्याची मुदत मार्चमध्येच संपलेली. बिचारीचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसरा: "मूल सापडेनासे झाले तर पहिल्या दहा मिनिटांत काय करता, हे विचारावे. उत्तर देताना माणूस अडखळला तर मूल घरी न्यावे." हे लिहिताना तुझा हात अडखळला नाही? चौथा: "मुलांना चुकायला मोकळीक आहे का ते बघावे. गाठ सुटली, जेवण करपले, हरकत नाही. चुकायची भीती घातली की मूल लपवायला शिकते."

आणि पाचवा, खाली रेघ मारून: "रकाना चौदा नीट भरावा. जे पथकाला माहीतच नाही त्यावर पथक काही करू शकत नाही."

हा टोमणा आहे. आणि तो मला झोंबला, झोंबावा म्हणूनच तू मारलास.

रकाना चौदा काय असतो ते मला सांगतोस? 'मुलाविषयी पथकाला माहीत असावे असे आणखी काही.' मोठीच्या वेळी मी तिथे 'निरंक' लिहिलं होतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नवीन नळजोडणीच्या खिडकीवर मी सोळा वर्षं बसतेय. रोज वीस-पंचवीस अर्ज रिकाम्या रकान्यापायी परत करते. काही नसेल तर निरंक लिहा, रकाना मोकळा सोडू नका, हे दिवसातून इतक्यांदा म्हणते की धाकटी मला घरात 'निरंकबाई' म्हणते. तेव्हा निरंक म्हणजे काय हे मला तुझ्याकडून शिकायचं नाही.

आणि रकान्यांचा एवढा पुळका आहे तर त्या दिवसाचं उत्तर दे. दुपारचे तीन, लख्ख ऊन, जंगलात लपण्याचा खेळ. शिट्टी तीनदा झाली की झेंड्याखाली जमायचं, हा तुझाच नियम. सगळी पोरं जमली, मोठी नाही. तुझी सख्खी भाची. साडेतीन तासांनी सापडली ती झेंड्याच्या बरोबर उलट्या बाजूला, घळीत, मांडीचं हाड मोडलेलं, रडून रडून आवाज बसलेला. तू म्हणालास, शिट्टी तीनदा वाजवली. बाकीची पोरं एकमेकांना पळताना बघून आलेली, शिट्टी झाली की नाही हे एकालाही छातीठोक सांगता येईना. जोडीचे सर पाणी आणायला गेलेले. मग समितीने मोठीला विचारलं आणि ती नाही म्हणाली. झालं.

चार महिने पोर अंथरुणाला खिळून होती. अजून लांब चालली की पाय ओढते. तुझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली याचं तुला वाईट वाटतं, ठीक आहे. माझ्या पोरीच्या पायाचं काय?

पाचवा मुद्दा सोडून बाकीच्यांबद्दल आभार.

बहीण


२ सप्टेंबर, रविवार सकाळ

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस. अपेक्षाही नव्हती. तरी लिहितेय, कारण या घरात माझं ऐकून घेणारं कुणी नाही.

धाकटीचा फॉर्म भरायला बसलो. स्वयंपाकघरातलं टेबल, मी, धाकटी आणि मोठी. मोठी आता वीस वर्षांची झाली, छापखान्यात मुद्रितं तपासते. टेबलाशी तिची जागा ठरलेली, भिंतीकडची, डावा खांदा भिंतीला टेकवून. पाहुणे यायचे असले की सगळ्यांच्या आधी येऊन तिथे बसते. लोकांना वाटतं, काय शिस्तीची मुलगी आहे.

तेरा रकाने झरझर झाले. चौदावा आला आणि धाकटी म्हणते, "लिही, घाबरले की अंथरुणात शू होते."

मी म्हटलं, "असलं कुणी लिहितं का?"

"पण होते ना?"

"महिन्यातून एखाद्या वेळी होते."

"मग तसंच लिही. महिन्यातून एखाद्या वेळी."

"पोरं हसतील तुला."

"पोरांना कुठे दाखवणार आहेत? सुतळीताई कपाटात ठेवते आणि किल्ली स्वतःकडे ठेवते. ती म्हणाली, माहीत असलं की मी तुला हळूच उठवेन. नाहीतर सकाळी सगळ्यांना कळेलच की!"

या पोरीशी वाद घालणं म्हणजे डोकं भिंतीवर आपटून घेणं आहे. मी फॉर्म ओढला आणि लिहायला सुरुवात केली. नि, र…

"आई, परत निरंक?" मोठी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी मध्ये बोलले नाही म्हणून तर एवढं सगळं झालं."

"काय झालं?" धाकटी विचारते. "काय गं झालं, ताई?"

तिचे बाबा वर्तमानपत्रामागे होते, तिथेच राहिले. मोठी उठली, चपला घातल्या आणि बाहेर गेली. जिना उतरताना तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जड पडतो, तो आवाज मला चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत ऐकू येतो. आज तर फारच ऐकू आला.

मला संताप आलाय, आणि कुणाचा ते कळत नाही. सुतळीचा, तिने तो फॉर्म दिला म्हणून. तुझा, तो पाचवा मुद्दा लिहिलास म्हणून. पथक बंद पडत असेल तर पडू दे ना एकदाचं, म्हणजे हे प्रश्न तरी कुणी विचारणार नाही.

मोठी लहान असताना तू तिला गोष्ट सांगायला कुठल्या बाजूला घेऊन बसायचास, आठवतं का? जाऊ दे. ही ओळ खोडली असं समज.


४ सप्टेंबर, जेवणाची सुट्टी

दादा,

आज एका म्हाताऱ्या गृहस्थांचा अर्ज परत केला. 'इमारतीत आधीची जोडणी आहे काय' हा रकाना त्यांनी मोकळा सोडला होता. म्हणाले, "आहे हो बाई. पण लिहिलं तर नवीन मिळणार नाही, म्हणून सोडला." मी त्यांना अख्ख्या रांगेसमोर झापलं. माहिती लपवणं ही फसवणूक असते, तुमच्यासारख्यांमुळे दुसऱ्यांना त्रास होतो, वगैरे वगैरे. ते मान खाली घालून गेले. मी खिडकी खाली ओढली आणि मागच्या खोलीत फायलींच्या मांडण्यांमध्ये येऊन बसलेय. बाहेर लोक खिडकी वाजवतायत. वाजवू देत.

मोठीला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मुळीच नाही.

सहा वर्षांची असताना गालफुगी झाली होती, त्यात तो कान गेला. कानाच्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं. दुसरा कान ठणठणीत आहे, बोलणं, अभ्यास, सगळं होईल. फक्त आवाज कुठल्या बाजूने आला हे तिला कळणार नाही, त्याला दोन्ही कान लागतात. रस्त्यावर जपा आणि शाळेत सांगून ठेवा. मी शाळेत सांगितलं. आठवड्यात वर्गाने तिला 'एककानी' नाव ठेवलं आणि बाईंनी नाचातून काढून टाकलं. पोर दप्तर न काढता कपाटाच्या मागे जाऊन बसली. मी शाळा बदलली आणि ठरवलं, यापुढे हे कुठल्याही कागदावर जाणार नाही. डॉक्टरांचा अहवाल चादरींच्या खाली ठेवला. तिचे बाबा म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर." तिला बजावलं, कुणाला सांगायचं नाही, मामालासुद्धा नाही. मामाला तर अजिबात नाही. तू तिला जपायला गेला असतास, झेंड्याजवळ बसवून ठेवलं असतंस, आणि मला माझी पोरगी चारचौघांसारखी धावताना बघायची होती.

म्हणून निरंक.

शिट्टी तिने ऐकली होती, दादा. हॉस्पिटलात पाय बांधून झाल्यावर तिचं पहिलं वाक्य तेच. "आई, शिट्टी झाली, पण कुठे झाली ते कळलंच नाही." आणि मी तिला म्हटलं, कुणी विचारलं तर ऐकूच आली नाही असं सांग. कारण ऐकू आली म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग उलट्या बाजूला का गेलीस? आणि मग सगळंच बाहेर आलं असतं, तो कान, तो अहवाल, तो रकाना.

समितीसमोर तिने उत्तर देण्याआधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने नाही म्हटलं. तू समोरच्या खुर्चीत होतास. आधी तिच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस. तुझं ते गप्प बसणंच मी पुरावा म्हणून वापरलं. नातेवाइकांत सांगत फिरले, बघा, बोलायला तोंड तरी होतं का त्याला.

माफी मागत नाही. इतक्या उशिरा कसली माफी, सुतळीच्या प्रमाणपत्रासारखी मुदत संपलेली. फक्त माहिती देतेय. रकाना भरतेय.

खिडकी उघडायला हवी.


१७ सप्टेंबर, संध्याकाळ

दादा,

तुझं कार्ड वाचून मी ते फाडणार होते. मोठीने हातातून काढून घेतलं म्हणून बचावलं.

"ठिणगी," असं सुरुवातीला लिहिलंयस. या नावाने मला हाक मारणारं आता जगात तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. आणि पुढे: "मला माहीत होते. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तू औषध आणायला गेली होतीस, तेव्हा तिच्या डाव्या बाजूने तीनदा हाक मारली. तिने मान वळवली नाही. उजवीकडे जाऊन मारली तेव्हा हसली."

माहीत होतं! माहीत होतं आणि अकरा वर्षं मिठाची गुळणी धरून बसलास? तुझं पथक गेलं, लोकांनी रस्त्यात तोंड फिरवलं, तू घर सोडून दुसऱ्या टोकाला गेलास, आणि बोलला नाहीस? अरे, ओरडायचंस ना माझ्यावर! चार लोकांत मला उघडं पाडायचंस. मी आकांडतांडव केलं असतं, मग रडले असते, आणि वर्षभरात आपण बोलायला लागलो असतो. आई गेली तेव्हा तू जिन्यात उभा होतास आणि मी तुझ्या अंगावरून तशीच वर निघून गेले. निदान तेव्हा तरी माझा हात धरून सांगायचंस.

कारण काय, तर "पोरीने सगळ्यांसमोर नाही म्हटले होते. तिला खोटी पाडून मला शिट्टी नको होती. आणि मला वाटले, तू सांगशील."

मी सांगेन! लहानपणी बरणी फोडली तर मी मांजराचं नाव घ्यायचे, हे तुला माहीत नाही? माझ्यावर इतका विश्वास ठेवायला तुला कुणी सांगितलं होतं?

तुझं मोठेपण तुझ्यापाशीच ठेव. तूही लपवलंसच. तू गप्प, मी गप्प, आणि माझी पोरगी अकरा वर्षं भिंतीला खांदा लावून बसली. रागावलेय मी तुझ्यावर. आजवर खोटी रागावले होते, आज खरी रागावलेय.

मोठीने कार्ड दोनदा वाचलं. म्हणाली, "मामा आला होता? मला वाटायचं ते मला स्वप्न पडलं होतं." मग नळ सोडून भांडी घासायला लागली. भांडी स्वच्छच होती. नंतर, पाठमोरी असतानाच, "पालकांच्या पुढच्या सभेत तू सांगणार आहेस की मी सांगू?"

मी म्हटलं, "तू कशाला? चूक माझी आहे."

"तोंडाने 'नाही' तर मी म्हटलं होतं ना."

मी सुतळीला फोन केला आणि सांगितलं, नवीन माहिती आहे. ती म्हणाली, "ताई, मी तिच्याच टोळीत होते. शिट्टी झाली की ती आधी आमच्याकडे बघायची आणि मग आम्ही जाऊ तिकडे पळायची. तेव्हा मला वाटायचं, हिला पळायचा कंटाळा आहे. मोठी झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. पण तुम्हाला कसं विचारणार?"

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले होते. धन्य आहे.

२७ तारखेला सभा आहे. समितीही येणार आहे. तू येऊ नकोस. तुझ्यासमोर मला जमणार नाही.

ठिणगी


२८ सप्टेंबर, जेवणाची सुट्टी

दादा,

झालं एकदाचं. जसं झालं तसं सांगते.

तेच मुलांचे बाक. समितीचे अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर, त्यांना तेवढी खुर्ची. मी कागदावर लिहून नेलं होतं आणि उभी राहून वाचायला लागले, "सादर करण्यात येते की…" मागे कुणीतरी खुदकन हसलं. माझी भाषाच तशी झालीये, काय करू? मग कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि तोंडाने सांगितलं. कान, अहवाल, निरंक, हॉस्पिटल, मान हलवली ते. मोठी भिंतीकडे बसली होती, आणि माझं निम्मं बोलून झाल्यावर ती तिथून उठून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, मला तिच्या उजवीकडे घेऊन.

एका बाईने मांडीवरची पर्स जवळ ओढून घेतली, जणू मी तीच पळवणार होते. एक गृहस्थ चढ्या आवाजात म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्ही एका माणसाचं नाव अकरा वर्षं खराब केलंत?" मी म्हटलं, "हो. एवढ्याशाच गोष्टीसाठी." दुसरं काय सांगणार होते?

मग पुढच्या बाकावरचा एक बाप उठला. म्हणाला, "आम्ही भरलेले फॉर्म… परत मिळतील का? थोडं लिहायचं राहिलंय."

सुतळीने कपाट उघडून गठ्ठा काढला आणि, माझं नशीब बघ, तो माझ्या हातात दिला. मी त्या बुटक्या टेबलाशी बसले आणि समोर रांग लागली. चाळीसपैकी सतरा जण, दादा. मी मोजले. सतरा जणांनी चौदावा रकाना पुन्हा भरला. कुणी एक ओळ, कुणी मागच्या बाजूपर्यंत. ती पर्स ओढणारी बाई सगळ्यांत शेवटी आली आणि लिहिताना हाताने कागद झाकून बसली. मी एकही वाचला नाही. फक्त सही आहे की नाही तेवढं बघितलं आणि गठ्ठा सुतळीला दिला. तिने कपाटाला कुलूप लावलं.

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही जे सांगितलंत ते लेखी द्या." मी म्हटलं, लेखीच आणलं होतं. त्यांनी शिक्का मारून पोच दिली. शेरा काढायचा तर पुढची बैठक लागणार, पंधरा दिवस जाणार, त्यावर सगळ्यांच्या सह्या होणार. माझा तिथेच तिळपापड झाला. अकरा वर्षांपूर्वी शेरा मारायला यांना एक दुपार पुरली होती! पण बदली होणाऱ्या सरांनी दोन आठवडे थांबायचं कबूल केलंय, आणि तोवर तू पाहुणा म्हणून पथकात यायला कुणाची हरकत नाही, हेही मी त्यांच्याकडून लिहून घेतलंय. पुढच्या रविवारी, ७ ऑक्टोबरला, चार वाजता. दार कसं उघडायचं ते तुला माहीत आहे.

माझ्याशी लगेच बोलायला हवं असं नाही. मी शेडच्या बाहेर थांबेन. तू आत जा.

धाकटीचा फॉर्मही दिला. तिच्या चौदाव्या रकान्यात ती म्हणाली तसंच लिहिलंय, अक्षरन् अक्षर. खाली तिने स्वतःची भर घातलीये, "आईला फॉर्म भरताना कुणीतरी बघत बसावे." सुतळी वाचून इतकी हसली की मला तिथेच तिला दोन लगावाव्याशा वाटल्या.

आता खिडकीची वेळ झाली. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी आज परत बोलावलंय. आधीची जोडणी असली तरी नवीन मिळते, फक्त एक वेगळा अर्ज लागतो. त्या दिवशी रागाच्या भरात मी त्यांना तेवढंही सांगितलं नव्हतं.

खाली थोडी जागा सोडतेय. मोठीला काहीतरी लिहायचंय. घरी नेऊन तिच्याकडे देईन, तीच पोस्टात टाकेल. मी वाचणार नाहीये.

तुझी ठिणगी


मामा,

शिट्टी तीनदा वाजली होती. मी तिन्ही ऐकल्या.

मी चुकले नव्हते, मुद्दाम लांबही गेले नव्हते. मला वाटलं तू तिकडेच आहेस. मी तुझ्याकडेच पळत होते.